भुऱ्याला हाडाचा कॅन्सर, छातीत डाग दिसले. केमो द्यावी का? जळगाव-धुळे भागातल्यांनी सांगावं

तापीकाठचा (यावल तालुका)
१५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदा काढतोय.

आमचा भुऱ्या आठ वर्षांचा आहे. बाप जर्मन शेफर्ड, आई मळ्यातलीच गावठी. वजन ३२ किलो. केळीच्या बागेची रात्रीची राखण त्याचीच. पोळ्याच्या आसपास पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. आम्हाला वाटलं, ट्रॉलीतून उडी मारताना मुरगळला असेल, कारण ट्रॅक्टर सुरू झाला की तो आधी ट्रॉलीत असतो. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. त्यांनी पाय दाबून बघितला, मुरगळ आहे म्हणाले, एक सुई आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू तोवर बरा, संपल्या की परत लंगडा. असं तीनदा झालं. एक्स-रे काढू असं ना ते म्हणाले, ना मला सुचलं. त्यात सव्वा महिना गेला, तो मला आता झोपू देत नाही.

नवरात्रात मनगटाच्या वरच्या बाजूला लिंबाएवढी सूज दिसायला लागली. तिथे हात लावला की भुऱ्या माझा हात तोंडात धरतो. चावत नाही, दातही रुतवत नाही. नुसता धरून ठेवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. हाडाची कड रेघेसारखी सरळ दिसायला पाहिजे, तिथे कापसाचं बोंड फुटल्यासारखं झालंय. सुईने गाठीतला नमुना काढून पाठवला, काल रिपोर्ट आला: ऑस्टिओसार्कोमा. छातीच्या एक्स-रेत डावीकडे दोन आणि उजवीकडे एक असे हरभऱ्याएवढे डाग आहेत.

घरात मी आणि माझा भाऊ म्हणतो मुंबईला नेऊ, पाय काढायचा तर काढू, केमो देऊ. आई म्हणते मुक्या जिवाला कशाला छळता. मुलगी सातवीत आहे, ती काहीच म्हणत नाही, शाळेतून आली की त्याच्याजवळ जाऊन बसते. कोणी यातून गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा. खर्चाचं मी बघून घेईन.

सातपुड्याची_सून (चोपडा)
१५ ऑक्टोबर, रात्री ११:२५

भाऊ, धीर सोडू नका. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला मागच्या वर्षी कॅन्सरची गाठ झाली होती, रक्त ठिबकायचं. आम्ही चार घरांनी वर्गणी काढली. इथल्याच डॉक्टरांनी दर आठवड्याला एक अशी केमोची सुई दिली. पाचव्या सुईला गाठ पूर्ण गेली. आज ती ठणठणीत आहे. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. मुंबईलाही जायची गरज नाही, इथेच होतं. नक्की द्या केमो.

तापीकाठचा
१५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

ताई, तुमचं वाचून फार बरं वाटलं. त्या सुईचं नाव कळेल का?

गोठ्यातला_डॉक्टर (धुळे जिल्हा)
१६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

भाऊ, मी जनावरांचा डॉक्टर आहे. वीस वर्षांत गाई-म्हशी जास्त, कुत्री अलीकडे वाढली. कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण हा आजार बऱ्याचदा पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चोपड्याच्या ताईंचं. त्यांनी सांगितलं ते अगदी खरं, पण तो कॅन्सर वेगळा. त्याला टीव्हीटी म्हणतात, मिलनातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी गाठ. तिच्यावर व्हिंक्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा सुया दिल्या की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. खान्देशातल्या डॉक्टरांच्या हाताखालून केमो म्हणून जी गेलीय, ती जवळजवळ सगळी हीच. त्यामुळे लोकांच्या मनात बसलंय की कुत्र्याचा कॅन्सर सुयांनी जातो. हाडाच्या कॅन्सरवर व्हिंक्रिस्टीनचा उपयोग नाही. त्याच्या मागे लागू नका.

ऑस्टिओसार्कोमाला दोन औषधं मुख्य: कार्बोप्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन. दोन्ही माणसांचीच, शिरेतून देतात. पण हाडातली गाठ त्यांनी जात नाही. गाठ पायासकट काढायची आणि रक्तातून आधीच सुटून गेलेल्या पेशींना औषधाने गाठायचं, असा तो मार्ग आहे. हा आजार सापडतो तेव्हा दहापैकी नऊ कुत्र्यांत पेशी फुफ्फुसाकडे निघून गेलेल्या असतात, मात्र एक्स-रेत त्या दहातल्या एखाद्याच कुत्र्यात दिसतात. बाकीच्यांच्या गाठी इतक्या बारीक असतात की फिल्मवर उमटतच नाहीत. अशा, छाती स्वच्छ दिसणाऱ्या कुत्र्याचा नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत जातात. पाय काढून केमो दिली तर निम्मी दहा ते बारा महिने ओलांडतात, पाचातलं एखादं दोन वर्षंही काढतं.

भुऱ्याच्या छातीत डाग उघड दिसताहेत. इथे हिशोब बदलतो. दिसण्याएवढ्या झालेल्या गाठी या औषधांनी आटल्या असं क्वचित होतं. या टप्प्यावर निम्मी कुत्री दोन-तीन महिन्यांच्या आतच जातात, केमो देऊन त्यात फार फरक पडत नाही. परदेशात टोसेरानिब नावाची गोळी निघाली आहे, ती एकटी या आजारात फारशी चालली नाही. कोलोरॅडोच्या विद्यापीठात तिच्यासोबत लोसार्टन, म्हणजे माणसांची ब्लडप्रेशरची गोळी, मोठ्या डोसात देऊन पाहिली, तेव्हा काही कुत्र्यांच्या गाठी काही काळ वाढायच्या थांबल्या. पण ती थोड्या कुत्र्यांवरची गोष्ट आहे आणि टोसेरानिब आपल्या जळगाव-धुळ्याच्या दुकानात मिळत नाही.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. तुम्ही केमोचं विचारलंत, पण तुमच्याच लिहिण्यात दुसरी गोष्ट आहे: भुऱ्या तुमचा हात तोंडात धरतो. त्याला भयंकर दुखतंय. गाठ आतून हाड पोखरते, ते दुखणं साध्या मुरगळीच्या गोळीने दबत नाही. त्याच्या छातीतल्या डागांचा त्याला आज काहीच त्रास नाही, खोकला नाही, धाप नाही. त्याचा सगळा त्रास त्या एका पायात आहे. म्हणून उपचार ठरवायचा तो पायाच्या दुखण्याचा. ते दुखणं कमी करायचे मार्ग आहेत. पाय काढणं हा सगळ्यात पक्का. रेडिएशननेही चारातल्या तीन कुत्र्यांना काही महिने आराम पडतो, पण खान्देशात कुत्र्यासाठी ती सोय नाही. तिसरा मार्ग झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन. माणसांच्या हाडात कॅन्सर पसरला की देतात तेच. हाड खाणाऱ्या पेशींना ते आवरतं, त्यामुळे दुखणं उतरतं. किडनीची तपासणी करून दर चार आठवड्यांनी देता येतं, आणि हे जळगावात होऊ शकतं. सोबत मेलोक्सिकॅम आणि गॅबापेंटिन या दुखण्याच्या गोळ्या.

एक विनंती, घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्त जातं. डायक्लोफिनॅक तर गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, तरी खेड्यांत अजून सर्रास टोचतात. गॅबापेंटिनसुद्धा गोळीच घ्या, पातळ औषध नको. माणसांच्या पातळ औषधांत कधी कधी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विष आहे.

सातपुड्याची_सून
१६ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

डॉक्टरसाहेब, मला हा फरक माहीत नव्हता. भाऊ, माफ करा, रात्री मी तुम्हाला उगीच आशा लावली.

तापीकाठचा
१६ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

ताई, माफी कसली. तुम्ही चार घरांनी मिळून गल्लीतली कुत्री वाचवली. डॉक्टरसाहेब, दोनदा वाचलं. गाठी दिसायला लागल्यावर क्वचित, हे वाक्य भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही न बोलता उठून बागेत गेला. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

कळणाभाकर (अमळनेर)
१६ ऑक्टोबर, दुपारी १:१०

कोणाचं मन दुखवायचं नाही, पण मनात आहे ते लिहितो. यंदा कापसाला भाव नाही. आमच्याकडे म्हातारा बैल पोटफुगीने गेला, त्याला धुळ्याला न्यायला गाडी मिळाली नव्हती. कुत्र्याला मुंबईला नेऊन पाय कापायचा, सुया द्यायच्या, आणि डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिने. एवढं करून त्याच्या वाट्याला येणार काय? त्याला काय कळतं केमो? त्याला एवढंच कळेल की माझ्या माणसाने मला गाडीत घातलं आणि अनोळखी लोकांनी धरून ठेवलं. मी असतो तर नसतं नेलं.

पांझराकाठ (धुळे)
१६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

कळणाभाकर दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. तो मीही स्वतःला विचारला होता, त्याचं उत्तर माझ्याकडे थोडं आहे.

माझी राणी रॉटवायलर होती, सात वर्षांची. तिला मागच्या पायात, गुडघ्याच्या वर निघाला. हा आजार मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना जास्त होतो आणि ठरावीक जागीच होतो, पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या खाली-वर. आमचं नशीब एवढंच की तिच्या हाडातली गाठ दिसली तेव्हा छाती साफ होती. भाऊ, हा फरक फार मोठा आहे, म्हणून माझ्या राणीची गोष्ट तुमच्या भुऱ्याला जशीच्या तशी लावू नका.

पाय काढायच्या आदल्या रात्री मी फार रडले. ३८ किलोची कुत्री तीन पायांवर उभी कशी राहील? ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभी राहिली. आठवड्याने अंगणात मांजरामागे धावली. आम्ही पायावर शोक करत होतो आणि तिला दुखणं गेलं एवढंच कळत होतं. महिनाभर रात्री उठून कण्हणारी कुत्री सलग सहा तास झोपली, ते मी घड्याळ लावून पाहिलंय.

मग कार्बोप्लॅटिन. दर तीन आठवड्यांनी एक, असे चार डोस ठरले. डोस किलोवर नाही, अंगाच्या क्षेत्रफळावर मोजतात, चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम. पाय गेल्यावर राणी ३६ किलोची झाली होती, तिला ३३० बसला. ४५० ची कुपी यायची, उरलेलं टाकून द्यायचे. औषध माणसांच्या मेडिकलमधलंच, त्याने कंबर मोडत नाही. मोडते ती प्रवासाने, गाडीभाडं, मुक्काम आणि माझ्या नवऱ्याच्या बुडालेल्या रजा.

त्रास म्हणाल तर पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी दोनदा उलटी आणि एक दिवस जेवण बंद. बस. माणसांसारखे केस जात नाहीत, फक्त मिशा गळाल्या. कुत्र्यांना डोस मुद्दाम बेताचा देतात, त्यांचे दिवस चांगले जावेत म्हणून. पण रक्त तपासल्याशिवाय एकही डोस द्यायचा नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा ताप आला तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. दुसऱ्या डोसच्या आधी राणीच्या प्लेटलेट फार खाली होत्या. सगळ्यांनी केमोवर ढकललं. एका तरुण डॉक्टरने गोचीड तापाची तपासणी करायला लावली आणि तोच निघाला. डॉक्सिसायक्लिन दिलं, डोस एक आठवडा पुढे गेला, पेशी वर आल्या. आपल्याकडे गोचीड कुठल्या कुत्र्याला नाही? केमोचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आधी करून घ्यावी.

डोसनंतर तीन दिवस तिचं मूत-विष्ठा हातमोजे घालून उचलायची, जागा भरपूर पाण्याने धुवायची. माझी नणंद तेव्हा पोटुशी होती, तिला आम्ही तेवढे दिवस सासरीच ठेवलं.

राणी अकरा महिने जगली. त्यातले दहा महिने ती राणीसारखीच होती. दादा, तिच्या वाट्याला काय आलं विचारलंत ना, ते हे. मग फुफ्फुसात गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले दुसरं औषध चालू करून बघू. आम्ही एक डोस दिला, डॉक्सोरुबिसिनचा. गाठी तशाच वाढत राहिल्या, आणि तिचे शेवटच्या सहा आठवड्यांतले आठ दिवस गाडीत आणि दवाखान्याच्या फरशीवर गेले. पहिल्या चार डोसांचा मला कधी पस्तावा झाला नाही. त्या पाचव्याचा होतो.

भुसावळ_लोको
१६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मुंबईचं ठरलंच तर प्रवासाचं सांगतो. कुत्रं सोबत न्यायचं असेल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तुमच्या नावावर लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. आजारी कुत्र्याला पेटीत घालू नका, आत हवा नाही आणि लोखंडाचा आवाज फार. गाडी करा, पहाटे निघा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ऑपरेशनची सोय आहे, नागपूर आणि परभणीच्या महाविद्यालयांतही आहे. जाण्याआधी फोन करून कागद पाठवा. आमच्या ओळखीतल्या एकाला नुसती तारीख घ्यायला दोन फेऱ्या पडल्या.

अंजनीकाठ (एरंडोल)
१७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

गोमूत्र अर्क आणि हळद चालू करा. आमच्या आत्याला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं, तीन वर्षं झाली.

गोठ्यातला_डॉक्टर
१७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

आत्याबाईंना उदंड आयुष्य लाभो. चिमूटभर हळद भाताला लागलेली चालेल. पण अर्क, काढा, भुकटी, काहीही चालू करायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण मेलोक्सिकॅम चालू असताना पोट आणि किडनी आधीच नाजूक असतात. आणि दुखण्याची गोळी बंद करून त्या जागी काही देऊ नका. ही गाठ हाड पोखरणारी आहे, ती वाट बघत नाही.

तापीकाठचा
२० ऑक्टोबर, रात्री ९:५५

सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. पांझराताई, तुमच्या पाचव्या डोसचं वाचताना आई म्हणाली, हिला कळलंय.

डॉक्टरांनी छातीचे परत तीन बाजूंनी एक्स-रे काढायला सांगितले होते, कारण एका बाजूवर झोपवून काढला तर खालच्या फुफ्फुसातले डाग झाकले जातात. तीनऐवजी सहा निघाले. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं आहे, तेही चांगलं लक्षण नाही म्हणाले. मुंबईच्या एका तज्ज्ञांना फोनवर कागद दाखवले. त्यांनी अर्धा तास दिला, एक पैसा घेतला नाही. त्यांचंही तेच मत, या टप्प्यावर केमो देऊ नका. पाय काढायचं विचारलं. दुखणं जाईल, पण टाके भरून चालायला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातील आणि त्याच्याकडे मोजके आठवडे आहेत, तुम्ही ठरवा म्हणाले.

आम्ही ठरवलं. पाय काढणार नाही, केमो देणार नाही. झोलेड्रोनिकचं सलाईन उद्या जळगावला. भुऱ्याला ३.२ मिलिग्रॅम बसतं, ४ ची कुपी मेडिकलमधून आणून ठेवलीय, दुधाच्या पातेल्याशेजारी फ्रीजमध्ये नको म्हणून कपाटात वरच्या फळीवर. भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याला वाटतं मी हरलो. मला तसं वाटत नाही, पण त्याला ते पटवायला माझ्याकडे शब्द नाहीत.

गोठ्यातला_डॉक्टर
२० ऑक्टोबर, रात्री १०:३०

तुमच्या जागी माझा कुत्रा असता तर मीही हेच केलं असतं. भावाला हा निरोप वाचून दाखवा.

आता जपायचं ते सांगतो. सलाईनने दुखणं उतरेल आणि भुऱ्या पाय टेकायला लागेल. धोका तेव्हाच आहे. हाड आतून पोकळ झालंय, एका उडीत मोडेल. उडी बंद, जिना बंद, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद. फरशीवर गोणपाट टाका, घसरायला नको. रोज रात्री तो गाढ झोपला की मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून वहीत लिहा. तीसच्या आत असेल तर ठीक. सलग वर राहायला लागला की छातीचं सुरू झालं समजा आणि मला कळवा.

तापीकाठचा
२ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

सलाईनला बारा दिवस झाले. पाचव्या दिवसापासून फरक पडला. सूज आहे तेवढीच आहे, पण रात्री कण्हत नाही. काल मी सुजेवर हात ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, हात तोंडात धरला नाही.

उडीचं कसं करायचं, हा मोठा प्रश्न होता. ट्रॅक्टरचा आवाज झाला की त्याला आवरत नाही. भावाने काय केलं, केळीचे घड ठेवायची लांब फळी घेतली, तिच्यावर गोणपाट खिळ्यांनी ठोकलं आणि ट्रॉलीला तिरकी लावली. भुऱ्या पहिल्या दिवशी फळीजवळ थांबून राहिला, वास घेतला, मग तीन पायांवर हळूहळू वर चढला. भाऊ शेजारून पोटाखाली हात धरून चालला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलतोय.

पांझराकाठ
२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

फळीचं वाचून सासूबाईंना सांगितलं. त्या आता रोज सकाळी विचारतात, "भुऱ्या कसा शे?" मी म्हणते, बरा शे.

कळणाभाकर
२ नोव्हेंबर, रात्री ८:००

भाऊ, त्या दिवशी मी कठोर लिहिलं होतं. तुम्ही त्याला लांब नेलं नाही आणि सोडलंही नाही. मला वाटत होतं दोनच रस्ते असतात.

तापीकाठचा
१९ डिसेंबर, रात्री ९:२०

दुसरं सलाईन १८ नोव्हेंबरला झालं, तिसरं परवा. मध्ये किडनी तपासली, ठीक होती. थंडी चांगली पडलीय. शेतात वांगी भाजायला काड्या पेटवल्या की भुऱ्या ऊब घेत बसतो. भरीत त्याला देत नाही, कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही. दुधात चुरलेली भाकर खातो. वजन दोन किलोने उतरलंय. श्वास रात्री २४-२६ आहे. निदान झाल्यापासून नऊ आठवडे झाले. वहीचं काम मुलीने स्वतःकडे घेतलंय, तारखेपुढे श्वास लिहिते आणि त्यापुढे एक शब्द. "जेवला", "फिरला", "ट्रॉलीत".

तापीकाठचा
११ जानेवारी, रात्री ११:५०

गेल्या रविवारपासून श्वास ३४, मग ३८. गुरुवारी ४४. वहीत पुढचा शब्द मुलीने लिहिला नव्हता. शुक्रवारी भाकर हुंगून बाजूला झाला. एक्स-रे काढायला नेलं नाही, त्यात काय दिसणार हे माहीत होतं. गोठ्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्याला धाप लागून रात्र काढायला लावू नका, चांगला दिवस असतानाच ठरवा, एक दिवस उशीर होण्यापेक्षा एक दिवस लवकर बरा.

आज सकाळी जळगावचे डॉक्टर मळ्यात आले. आम्ही त्याला घरात धरून बसलो होतो, पण बाहेर ट्रॅक्टर सुरू केल्याचा आवाज आला तेव्हा तो उठला. भावाने मुद्दाम सुरू केला होता. फळीवर चढायला त्याला बराच वेळ लागला, दोनदा थांबला. ट्रॉलीत त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात केळीची वाळलेली पानं पसरली होती, तिथे बसला. डॉक्टर ट्रॉलीत चढले. आधी गुंगीची सुई दिली, तो माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपला, घोरायलाही लागला. मग दुसरी. ट्रॅक्टर चालूच होता. भावाने तो बंद केला तेव्हा मला कळलं.

बांधावर कडुनिंबाखाली पुरला. आईने फळी धुवून उन्हात लावली आहे.

डॉक्टरसाहेब, पांझराताई, सगळेच, तुमचे उपकार मी कसे फेडू.

पांझराकाठ
१२ जानेवारी, सकाळी ६:३०

भाऊ. काय लिहू. बारा आठवडे तुम्ही त्याला दुखू दिलं नाही. मुलीला माझ्याकडून जवळ घ्या.

गोठ्यातला_डॉक्टर
१२ जानेवारी, सकाळी ७:०५

काल फोनवर बोललोच. वही जपून ठेवा. जमलं तर मला तिचे फोटो पाठवा, असे रोजचे श्वास मोजलेले आमच्याकडे कोणी आणून देत नाही. पुढच्या कुत्र्याच्या मालकाला दाखवायला उपयोगी पडतील.

डोंगरदरी (नंदुरबार)
३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

शोधताना हा धागा सापडला. माझी लॅब्रेडॉर सहा वर्षांची आहे. मागच्या डाव्या पायाने बारा दिवसांपासून लंगडते. डॉक्टरांनी मुरगळ म्हणून गोळ्या दिल्यात. गोळी दिली की चालते, बंद केली की परत. सूज वगैरे काही दिसत नाही. अजून आठ दिवस वाट बघू का?

तापीकाठचा
३ फेब्रुवारी, रात्री १०:२२

वाट बघू नका. लॅब्रेडॉरला या वयात गुडघ्याचा पट्टा (लिगामेंट) तुटूनही असंच होतं, त्यामुळे घाबरू नका, पण एक्स-रे उद्याच काढा. नंदुरबारला नीट होत नसेल तर धुळ्याला जा, सकाळी निघालात तर दुपारी परत याल. गुडघ्याचा दोन बाजूंनी काढायला सांगा, एक समोरून आणि एक आडवा. दुखत असेल तर गुंगी देऊन काढा, पाय ओढून धरू देऊ नका. हाडात काहीही दिसलं तर तिथून हलायच्या आधी छातीचे तीन काढून घ्या आणि गोचीड तापाचं रक्तही द्या. फिल्म मोबाइलवर उजेडात धरून काढा आणि इथे टाका. मी जागा आहे.